जावई झोपलेत

दिग्रसच्या आमच्या घरात आम्ही तिघं राहायचो आणि तिघांच्या वयाची बेरीज सव्वादोनशेच्या आसपास जायची. आई ब्याण्णव, मी सदुसष्ट, बायको त्रेसष्ट. आमच्यातली तरुण म्हणजे बायको, आणि तिचे दोन्ही गुडघे गेलेले. गॅसचं सिलिंडर घेऊन येणाऱ्याच्या हातापाया पडून आम्ही ते शेगडीला जोडूनच घ्यायचो, कारण तो गेल्यावर ते हलवणारं घरात कुणी नव्हतं. गल्लीत सगळीकडे हीच तऱ्हा. पोरं पुण्याला नाहीतर हैदराबादला, घरात म्हातारे आणि त्या म्हाताऱ्यांचेही म्हातारे. पूर्वी आईबापांचं आटोपलं की मग माणसाचं स्वतःचं म्हातारपण सुरू व्हायचं. आता दोन्ही एकाच छताखाली नांदतात. आईच्या गोळ्या वेळेवर देता देता मी माझ्या घ्यायला विसरायचो.

मी जन्मभर सरकारी कचेरीत कारकुनी केली. तिथं एकच विद्या मन लावून शिकलो. जो कागद वर गेला तर बोंब होईल, तो गठ्ठ्याच्या तळाशी सरकवायचा. निम्मे कागद तळाशी पडून आपोआप निकाली निघतात, असा माझा अनुभव होता. निवृत्त झालो, पण ती खोड गेली नाही. पुढे जे झालं त्याचं मूळ या खोडीत आहे, म्हणून आधीच सांगून टाकतो.

पहिला कागद मी दाबला तो मामाचा. आईचा धाकटा भाऊ बाभुळगावला वारला तेव्हा आईचं खुब्याचं ऑपरेशन होऊन पंधरा दिवस झाले होते. डॉक्टर म्हणाले होते, मनाला धक्का बसेल असं काही सांगू नका. मी एकटाच मयतीला गेलो. मयतीवरून आलं की आंघोळ केल्याशिवाय घरात पाऊल टाकायचं नाही, आणि दुपारी तीनला आंघोळ केली की आई विचारणार. म्हणून समोरच्या गुरुजींच्या न्हाणीत अंग धुतलं, तिथंच कपडे बदलले आणि भाजीची पिशवी हातात घेऊन घरात आलो. आई म्हणाली, "वांगे चांगले आणले रे बापू." मला ते जमलं याचा आनंद झाला, हे मी लपवणार नाही.

ताईला मात्र ते पटलं नव्हतं. ताई म्हणजे माझी मोठी बहीण, वय एकाहत्तर, आर्णीला दिलेली. ती म्हणाली, "तिचा भाऊ होता ना रे तो. तिले रडू तरी द्या." मी म्हटलं, या वयात रडणं परवडत नाही. महिनाभर आई मामाचं विचारत राहिली. त्याला आता ऐकू येत नाही, फोनवर बोलता येत नाही, असं आम्ही सांगत राहिलो. मग तिनं विचारणं सोडलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मी बायकोला मोठ्या ऐटीत म्हटलं.

मग ते अंगवळणीच पडलं. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असल्यामुळे ती रोज पेपर वाचायची. त्यातलं निधनाच्या बातम्यांचं पान मी सकाळीच काढून गादीखाली घालू लागलो. कोणी भेटायला आलं की फाटकातच गाठून सांगायचो, अमका गेल्याचं आत बोलू नका. लोकांना यात काही वावगं वाटत नसे. गुरुजींच्याही घरी त्यांच्या थोरल्या बहिणीपासून दोन मरणं लपवलेली होती. कोणाच्या घरात कोण अजून जिवंत आहे, हे गल्लीत सगळ्यांना पाठ होतं.

भाऊजी, ताईचे यजमान, गेले ते थंडीत. आर्णीला सकाळी अंगणात उन्हाला बसले होते, चहाचा कप खाली ठेवला आणि मान कलली. वय शहात्तर. ताईचा मुलगा पुण्याहून निघाला, पोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला. तिरडीला खांदा द्यायला जमलेले आम्ही सगळे साठीच्या पुढचे. कोणाच्या छातीत जाळी बसवलेली, कोणाच्या कमरेला पट्टा. दहा पावलांवर माणसं बदलत कोपऱ्यापर्यंत गेलो आणि तिथून गाडी केली. सरणाजवळ बाकावर बसलो असताना माझ्या डोक्यात भाऊजी नव्हते, खरं सांगतो. आईला कळू द्यायचं नाही, एवढंच होतं.

तेरवी झाल्यावर मी ताईला बाजूला घेतलं. "आईला सांगायचं नाही," म्हटलं. "ती हे झेलू शकणार नाही."

ताई म्हणाली, "मग मी तिच्याकडे येऊ कशी?"

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आमच्या घरी लेक आली की आई पहिल्यांदा तिच्या कपाळाकडे बघायची, मग हातातल्या बांगड्यांकडे. निघताना सुनेला हाक मारायची, "तिले हळदीकुंकू लाव व." हे एकदाही चुकलं नव्हतं. ताईनं भाऊजी गेल्यावर कुंकू सोडलं होतं. तिच्या सुनेनं समजावलं, आई, आता कोण पाळतं, साधी टिकली तरी लावा. पण ताई म्हणाली, एक्कावन्न वर्षं एका माणसाच्या नावानं लावलं, आता कोणाच्या नावानं लावू? तिचं तिनं ठरवलेलं होतं.

"थोडे दिवस," मी म्हटलं. "आई अशी किती दिवसांची आहे?"

हे वाक्य मी बोललो. ब्याण्णव वर्षांच्या आईविषयी, तिच्या एकाहत्तर वर्षांच्या लेकीपुढे. ताईला तेव्हा काय हवं होतं ते मला आता कळतं. नवरा गेलेल्या बाईला आईच्या मांडीवर डोकं ठेवून एकदा रडायचं होतं, एवढंच. आई जिवंत होती, चाळीस किलोमीटरवर होती, आणि मध्ये मी बसलो होतो.

ताईचा रोज दुपारी चारला फोन यायचा. तो बंद झाला असता तर आईला संशय आला असता, म्हणून तो चालू ठेवायचा असं ठरलं. आई पहिला प्रश्न हाच विचारायची, "जवाई कसे हायत?" काय सांगायचं तेही मीच ताईला पढवलं होतं. सांग, झोपलेत.

"बरे आहेत. झोपलेत," ताई म्हणायची.

पंधरा दिवसांनी आई फोनवरच म्हणाली, "मायबाई, किती झोपून राह्यले हो हे! त्याहीले जरा हिंडाले पाठवत जाय." बायको तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात निघून गेली. पलीकडून ताईचा आवाज आला, "हो, पाठवते." त्यानंतर रोजचा फोन दोन दिवसांनी येऊ लागला, मग आठवड्यानं. बायको मला म्हणाली, "कोंबडं झाकलं म्हणून उजाडाचं राहते का? सांगून टाका." मी म्हटलं, उन्हाळा जाऊ दे. कचेरीतही मी असंच म्हणायचो. मार्च जाऊ दे, लेखापरीक्षण होऊ दे.

उन्हाळ्यातच अधिक महिना आला. आमच्याकडे त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. तीन वर्षांनी येतो आणि त्यात लेक-जावयाला बोलावून वाण द्यायचं असतं. तेहतीस अनारसे, दिवा, कापड, पुरणाचे धोंडे घालून जेवण. समोरच्या गुरुजींच्या बायकोनं सहज म्हटलं, "धोंडा लागला बरं आजपासून," आणि आईच्या अंगात वारं शिरलं. सहा महिने पलंगावरून फक्त मोरीपर्यंत जाणारी बाई स्वयंपाकघरात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर येऊन बसली. तांदूळ तिच्यासमोर भिजले, तीन दिवस तिच्यासमोर पाणी बदललं, तिच्यासमोर कुटले. बायको घामानं निथळत तळत होती आणि आई खुर्चीतून सांगत होती, जाळी पडली पाहिजे, खसखस वरच्या अंगाला. एक अनारसा फसफसला तर म्हणाली, "तो तुम्ही खा. जवायाच्या ताटात नोको." मी म्हटलं, आई, एवढ्या उन्हात भाऊजींना कशाला त्रास? ती म्हणाली, "पुढचा धोंडा कोनं पाह्यला रे? मी राहीन का ते राहतील, कोनं पाह्यलं?"

तिचे ते दिवस फार चांगले गेले. ती दोन घास जास्त जेवली. मला वाटलं, बघा, सांगितलं असतं तर हे पाहायला मिळालं असतं का? माणूस स्वतःला कसा फसवतो पाहा.

मी ताईला फोन केला. म्हटलं, तू एकटीच ये. भाऊजींचा गुडघा धरलाय म्हणून सांगू. वाण घे आणि जा, अर्ध्या तासाचं काम. ती म्हणाली, "येते."

सकाळच्या एसटीनं आली. मी तिला स्टँडवरून स्कूटीवर आणली. फाटकापाशी उतरली आणि मी खिशातून टिकलीचं पाकीट काढलं. आदल्या दिवशी बाजारातून आणलं होतं, मोठ्या लाल टिकल्यांचं, कारण आईला बारीक टिकली आवडत नसे. सदुसष्ट वर्षांचा भाऊ हातात टिकलीचं पाकीट घेऊन विधवा बहिणीसमोर भर उन्हात उभा होता. ताईनं एक टिकली काढली, स्कूटीच्या आरशात वाकून पाहिलं आणि लावली. बायकोनं स्वतःच्या हातातल्या दोन हिरव्या बांगड्या उतरवून तिच्या हातात चढवल्या. ताईनं पदर गळ्याशी घट्ट ओढून घेतला आणि आत गेली.

आईनं कपाळ पाहिलं, बांगड्या चाचपल्या. "जवाई कुठं हायत?"

"गुडघा धरला त्यांचा."

"काहून? शेकाले लाव. निर्गुडीचा पाला बांध." मग तिनं ताट मागवलं. अनारसे मोजून लावलेले, वर जाळीचा रुमाल. म्हणाली, "सूनबाई, लाव तिले कुंकू." बायकोनं ताईच्या तोंडाकडे न बघताच बोट लावलं आणि कुंकू ताईच्या नाकावर सांडलं. आई हसली. म्हणाली, "नाकावर सांडलं, नवरा लय जीव लावते मंग." ताई आईच्या पाया पडली. आईनं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "जोड्यानं राहा. हे त्याहीले तुह्या हातानं भरवजो." ताईच्या डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता. ती हसलीसुद्धा. मी पन्नास माणसांसमोर साहेबाच्या शिव्या खाल्ल्या आहेत, पण त्या दिवशीइतका मी कधी लहान झालो नाही.

स्टँडवर परत आलो. तिनं बांगड्या काढून माझ्या हातात दिल्या. मग टिकली काढली आणि बायका घरच्या आरशाला चिकटवतात तशी स्कूटीच्या आरशाला चिकटवली. हाताची सवय, दुसरं काही नाही. अनारशांचा डबा माझ्याकडे करून म्हणाली, "हे तू ने. मी आता येणार नाही भाऊ. फोनही करणार नाही. मला जमत नाही."

"आई विचारेल."

"मग तू सांग. तुला जमते."

गाडी लागली तशी ती चढली. खिडकीतून बाहेर पाहिलं नाही. डबा दोन दिवस फ्रिजवर पडून होता, मग मोलकरणीला दिला.

ताई खरंच आली नाही. आई रोज चार वाजता फोनकडे बघायची. आठ-दहा दिवस वाट पाहिली, मग सुरू झाली. "नवऱ्याची झाली. माय जिती हाय का मेली, पाहत नाही." गुरुजींच्या बायकोला सांगायची, कामवालीला सांगायची. "येवढं वाण केलं, जवायाचा एक फोन नाही आला. गोड लागलं का कडू, सांगाव नाही का?" माझी ताई, जी जन्मात आईला उलट शब्द बोलली नाही, ती गल्लीभर माहेर विसरलेली पोरगी म्हणून गाजली. आणि गल्लीला तर खरं ठाऊक होतं. सगळे मान हलवायचे आणि माझ्याकडे बघायचे.

बायकोनं माझ्याशी बोलणं टाकलं. मला सांगायचं होतं, पण आता दोन गोष्टी सांगाव्या लागणार होत्या. भाऊजी गेले, आणि तुझ्या तोंडून आम्ही त्यांच्या बाईला जोड्यानं राहा म्हणवून घेतलं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. मी पुन्हा म्हटलं, पाऊस लागू दे.

पाऊस लागला आणि आई मोरीत पडली. हाड मोडलं नाही, पण लघवीत जंतू झाले, ताप मेंदूत गेला. यवतमाळला दवाखान्यात आठ दिवस होतो. तिथं आम्ही दोघं आळीपाळीनं खुर्चीत बसायचो. माझी साखर वाढली तेव्हा तिथल्या नर्सनं मलाही सलाईन लावलं आणि विचारलं, यातला पेशंट कोण? घरी आणलं तेव्हा आईचं अर्धं मन मागंच राहिलं होतं. कधी मला ओळखायची, कधी बाबा समजून माझ्यापुढे पदर घ्यायची. सुनेला बरोबर ओळखायची. आणि सारखी एकच मागणी, "माह्या पोरीले बोलवा. मी बोलली तिले, तिले राग आला असन. मले माफी मागाची हाय."

तेव्हा मी फोन केला. ताईनं सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे विचारलं, "टिकली लावून येऊ का तशीच?"

मी म्हटलं, "तशीच ये. आता सांगून टाकू. तुला रडायचं तेवढं रड." कागद शेवटी मी वर काढला होता. वाटलं, अजून वेळ गेलेली नाही.

ती दुपारी आली. पांढुरकी साडी, मोकळं कपाळ, पायऱ्या चढून दमलेली. आई उशाला टेकून जागी होती, डोळे उघडे. ताई पलंगावर बसली, आईचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "आई, मी आली."

आईनं कपाळाकडे पाहिलं. हात चाचपला, मनगट रिकामं. मग परक्या बाईशी बोलावं तशा अदबीनं म्हणाली, "कोन व बाई तुमी?"

"आई, मी. तुझी पोरगी."

"नाही बाई," आई म्हणाली. "माही पोरगी सवाशीन हाय. आर्णीले असते. मोठं लाल लावते कपाळाले. धोंड्याले आलती ना, तुमी नोहे."

मी पुढे झालो. मोठ्यानं म्हटलं, आई, ही ताईच आहे, भाऊजी गेले आपले, थंडीतच गेले. आईनं माझ्याकडे रागानं पाहिलं. "भरल्या घरी कायले अभद्र बोलून राह्यला? जवाई झोपेल हायत. रोज झोपेल असतात." मी स्वतःच इतके दिवस ते तिच्या डोक्यात घोटून बसवलं होतं. आता ते एकट्या माझ्या सांगण्यानं निघणार नव्हतं.

ताईनं मला हातानं गप्प केलं. ती उठली नाही. आईचा हातही सोडला नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, आवाज न करता, सहा महिन्यांचं. आईनं ते पाहिलं. तिचा चेहरा एकदम जुना झाला, लहानपणी आम्ही पडून आलो की व्हायचा तसा. तिनं विचारलं, "मालक गेले का व तुमचे?"

"हो," ताई म्हणाली.

"कवा?"

"थंडीत. उन्हाला बसले होते."

"अरे देवा," आई म्हणाली. "रडा, रडा. दाबू नका." आणि तिनं त्या परक्या बाईचं डोकं आपल्याकडे ओढून घेतलं. ताईनं डोकं तिच्या मांडीवर ठेवलं. ज्यासाठी ती थंडीपासून थांबली होती ते तिला मिळालं, पण आईला ती आपली लेक म्हणून ठाऊक नव्हती. आई तिच्या पांढऱ्या केसांतून बोटं फिरवत राहिली. मी मागे सरकून बायकोजवळ दारात उभा राहिलो. आत जायची माझी हिंमत झाली नाही.

बऱ्याच वेळानं आईनं खाली वाकून विचारलं, "तुमची माय हाय का हो बाई?"

ताईनं मान हलवली. "हाय."

"मंग इथं कायले बसून राह्यल्या?" आई म्हणाली. "तिच्यापाशी जा ना."